शिवण नसलेली कानटोपी : गोल सुईवर विणायचं कसं

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, घरची केळी. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की केळीला थंडी बाधते. मग रात्री पाणी भरायचं आणि पहाटे बांधावर पाला-काडीकचरा पेटवून धूर करायचा. त्यात शेतीची लाईट रात्रपाळीची असली, की दादा रात्री अकराला मोटर सुरू करायला जातो तो उजाडताना घरी येतो. मफलर वाकलं की सुटतो. म्हणून मी त्याला दोन सुयांवर टोपी विणून दिली होती, मागून शिवलेली. पण डोक्याला बांधायच्या बॅटरीचा पट्टा नेमका त्या शिवणीवर बसायचा आणि रात्रभर टोचायचा. दादा तक्रार करणारा माणूस नाही, पण टोपी उलटी करून घालायचा, त्यावरून माझ्या लक्षात आलं. त्या एका शिवणीपायी मी गोल विणायला शिकले.

आता अमळनेरला आमच्या ओट्यावर हिवाळ्यात दुपारी चार-पाच जणी शिकायला येतात. त्यांना जसं सांगते तसंच इथे लिहिते आहे. सुलट टाका आणि उलट टाका तुम्हाला येतो, एवढं धरून चालते. येत नसेल तर आधी दोन सुयांवर वीतभर पट्टी विणा आणि मग इथे या.

गोल विणणं म्हणजे पुढच्या इयत्तेचं काम, असा समज आहे. मला तो पटत नाही. सपाट विणण्यापेक्षा ते सोपं आहे, फक्त एका जागेवर अवघड आहे. ती जागा म्हणजे पहिली फेरी जोडण्याची. तिथे पाच मिनिटं जास्त दिलीत, तर पुढचं काम गप्पा मारता मारता होतं.

गोल विणताना नेमकं काय होतं

दोन सुयांवर विणताना ओळ संपली की काम फिरवतो. जाताना सुलट बाजू समोर, येताना उलट बाजू. म्हणून साध्या विणीसाठी एक सुई सुलट, एक सुई उलट असं करावं लागतं. गोल विणताना काम कधीच फिरवायचं नाही. सुलट बाजू कायम डोळ्यांसमोर असते, त्यामुळे साधी वीण हवी असेल तर प्रत्येक फेरी फक्त सुलट. उलट टाक्याचा कंटाळा असणाऱ्यांची यातच निम्मी चिंता मिटते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. सपाट विणताना सगळ्या ओळी सुलट घातल्या की आडव्या लाटांची जाड वीण येते. तीच वीण गोलात हवी असेल तर मात्र एक फेरी सुलट आणि एक फेरी उलट घालावी लागते. म्हणून दोन सुयांसाठी लिहिलेला नमुना जसाच्या तसा गोलावर उतरवता येत नाही.

आणखी एक. आपण ज्याला फेरी म्हणतो ती बंद बांगडी नसते. ती गोल जिन्यासारखी चढत जाते. फेरी संपते तेव्हा आपण पहिल्या टाक्याच्या शेजारी नसतो, त्याच्या डोक्यावर असतो. रंग बदलताना जोडाजवळ जी पायरी दिसते, ती यामुळेच. त्यावरचा उपाय पुढे सांगते.

ही पद्धत फार जुनी आहे. जर्मनीतल्या बुक्स्टेहुड गावच्या, साधारण १४०० सालच्या चर्चमधल्या एका वेदीचित्रात येशूची आई मेरी आपल्या बाळाचा सदरा चार सुयांवर गोल विणताना दाखवली आहे. गोल सुई त्यामानाने अलीकडची, विसाव्या शतकातली. आमच्या आज्यांच्या पिढीतल्या ज्या बायका मोजे विणायच्या, त्याही चार सुयांवरच. तेव्हा ‘आपल्याला जमेल का’ ही शंका काढून टाका.

सुई

मोठ्या माणसाच्या टोपीसाठी ८ नंबरची गोल सुई घ्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६ इंच लांबीची. दुकानात अजून जुने नंबर चालतात आणि ते उलटे चालतात: नंबर वाढला की सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, ६ नंबर म्हणजे ५. पाकिटावर मिलिमीटर छापलेले असतील तर तेच पाहून घ्या.

लांबीचा हिशोब जाडीइतकाच महत्त्वाचा. विणलेलं कापड सुईपेक्षा थोडं मोठं असलं तर टाके सुईवर दाटीने बसतात आणि आपोआप पुढे सरकतात. सुई कापडापेक्षा लांब असली तर टाके ताणले जातात, टोकं एकमेकांना पोचतच नाहीत. १९ इंचांच्या टोपीला १६ इंचांची सुई बरोबर बसते. २४ इंचांची सुई स्वस्तात मिळाली म्हणून आणलीत, तर टोपीसाठी तिचा उपयोग नाही.

नवी सुई पाकिटात वेटोळं होऊन आलेली असते आणि तिची मधली वायर सारखी उसळते. दोन्ही टोकं हातात धरून वायर मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, मग सरळ ताणून गार होऊ द्या. हे न करता बसलेल्या मुली पहिल्याच दिवशी वैतागतात, आणि दोष वायरचा असतो.

टोपीचा शेंडा लहान होत जातो, तेव्हा १६ इंचांची सुईसुद्धा मोठी पडते. त्यासाठी दोन्हीकडे टोक असलेल्या ८ नंबरच्याच पाच आखूड सुयांचा संच लागेल. याशिवाय एक बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची सुई, टेप, आणि वेगळ्या रंगाच्या लोकरीचा एक छोटा फास. हा फास फेरीच्या सुरुवातीची खूण. दुकानात प्लास्टिकच्या कड्या मिळतात, पण गाठ मारलेला दोरा तेवढंच काम करतो आणि सुईवर कमी जागा घेतो.

लोकर

१०० ग्रॅम पुरते. शिकताना फिकट रंग घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीवर संध्याकाळच्या उजेडात टाके दिसत नाहीत, आणि या कामात टाके दिसणं हेच सगळं आहे.

आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून जी मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रेलिक असते. शिकायला ती उत्तम: स्वस्त, उसवून पुन्हा विणता येते, धुवायला सोपी. पण टोपी कोण घालणार याचा विचार करा. अ‍ॅक्रेलिक आगीजवळ वितळतं. शेकोटीची ठिणगी पडली तर ते विरघळून कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच. जो माणूस पहाटे बांधावर धूर करायला बसतो, त्याच्या डोक्यावर खऱ्या लोकरीची टोपी हवी. दादाची पहिली टोपी मी अ‍ॅक्रेलिकची केली होती. तिच्या कडेला वाटाण्याएवढं कडक, काळं भोक घेऊन तो आला, तेव्हा हे मला कळलं. तेव्हापासून रानात जाणाऱ्यांच्या टोप्या शुद्ध लोकरीच्या आणि शाळेत जाणाऱ्यांच्या अ‍ॅक्रेलिकच्या.

खरी लोकर म्हटल्यावर कुणीतरी साक्री-शिंदखेड्याकडच्या ठेलारींच्या मेंढ्यांची आठवण काढतंच. ती लोकर राठ असते, घोंगडीला शोभते. कपाळावर मात्र टोचते. कानटोपीसाठी मऊ, स्वेटरची लोकर घ्या. आणि कापूस आपल्या दारात पिकतो म्हणून सुती दोऱ्याने पहिली टोपी विणू नका. सुती दोऱ्याला लोकरीसारखा ताण नसतो. सैल झालेली कड परत आखडत नाही आणि चार दिवसांत टोपी डोळ्यांवर येते.

माप आणि नमुन्याचा तुकडा

कपाळावरून, कानांच्या जरा वरून, डोक्याचा घेर मोजा. त्यातून ३ इंच वजा करा, कारण टोपी ताणून बसायला हवी. २२ इंचांच्या डोक्याला १९ इंचांची टोपी.

आता एका इंचात तुमचे किती टाके येतात ते पाहायचं. माझे ८ नंबरवर इंचाला ५ येतात. तुमचा हात घट्ट असेल तर साडेपाच येतील, सैल असेल तर साडेचार. हा अर्धा टाका क्षुल्लक वाटतो, पण ९६ टाक्यांची टोपी इंचाला साडेपाच टाक्यांनी साडेसतरा इंचांची होते आणि साडेचारने एकवीस इंचांच्या पुढे जाते. एक टोपी पोराची, दुसरी बापाची.

नमुना गोल विणीचाच घ्यायचा, कारण पुष्कळ जणींचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो. सपाट तुकड्यात तो मिसळतो आणि गोल टोपीत तो नसतोच. मग मोजमाप चुकतं. त्यासाठी ही युक्ती: गोल सुईवर ३० टाके घाला, एक ओळ सुलट विणा. काम फिरवू नका. सगळे टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकवा, लोकर मागून सैल सोडत परत पहिल्या टाक्यापाशी आणा आणि पुन्हा सुलट विणा. मागे लोंबणारे दोरे दिसतील, ते तसेच असू द्या. ४ इंच उंच झालं की मधल्या ४ इंचांतले टाके मोजा, चाराने भागा.

मग इंच गुणिले टाके. १९ गुणिले ५ म्हणजे ९५. हा आकडा ८ च्या पाढ्यात बसवा, म्हणजे ९६. आठचा पाढा अशासाठी की कडेच्या पट्टीला ४ ने भाग जायला हवा आणि शेंडा मी आठ पाकळ्यांचा करते. २० इंचांच्या डोक्याला याच हिशोबाने ८८, साडेतेवीसला १०४. पुढे सगळीकडे ९६ धरून सांगते.

टाके घालणं

अंगठा आणि तर्जनीवर दोन दोरे ताणून टाके घालायची नेहमीची पद्धत चालेल. शेपटीची बाजू किती सोडायची हा प्रश्न हमखास येतो. सुईवर लोकरीचे १० वेढे घ्या. तेवढ्या लोकरीत साधारण १० टाके होतात. ९६ साठी दोन वार सोडले की हातात थोडी उरते. जोडासाठी एक टाका जास्तीचा लागतो, म्हणून ९७ घाला. का, ते पुढे सांगते.

टाके सैल घाला. कड घट्ट झाली तर कपाळावर लाल वळ उठतो, आणि शेवटी कळल्यावर काही करता येत नाही. ज्यांचा हात मुळात आवळ आहे, त्यांनी गोल सुईचं एक टोक आणि संचातली एक सुई अशा दोन्ही जोडून धरून त्यांवर टाके घालावेत आणि मग संचातली सुई काढून घ्यावी.

जोड : इथे घाई नको

टाके घालून झाले की ते सुईवर सगळीकडे पसरलेले असतात. काही सरळ, काही सुईभोवती पिळलेले. असेच जोडले तर टोपीत एक कायमचा पीळ पडतो. दोन-तीन इंच विणून होईपर्यंत तो कळतसुद्धा नाही, कारण कड आपोआप गुंडाळलेली असते. कळतो तेव्हा सगळं उसवण्याशिवाय इलाज नसतो. माझी पहिली टोपी अशीच गेली. तीन संध्याकाळचं काम होतं.

म्हणून उजेडात, सपाट जागी बसा. मी सुई परातीवर ठेवते. दोन्ही टोकं स्वतःकडे करा. लोकर ज्या टोकाला आहे ते उजवीकडे, पहिला टाका असलेलं डावीकडे. प्रत्येक टाक्याला खाली एक गाठीसारखी कड असते. एका टोकापासून बोट फिरवत जा आणि ती कड पूर्ण गोलात आतल्या बाजूला, वायरच्या खाली राहील असं करा. वायरवरून कुठेही ती वर चढलेली दिसता कामा नये. एक फेरी बोटाने, एक फेरी डोळ्यांनी, आणि मग परत एकदा बोटाने. शिकवताना मी हे तीनदा करून घेते.

आता जोड. ९६ ऐवजी ९७ टाके घातलेले असू द्या. उजव्या टोकावरचा शेवटचा, म्हणजे ९७ वा टाका डाव्या टोकावर सरकवा. तो आणि त्याच्या शेजारचा पहिला टाका, असे दोन्ही एकत्र सुलट विणा. राहिले ९६, आणि गोल बंद झाला. लोकर हलकेच ओढून घ्या. फेरीच्या शेवटी खुणेचा फास सुईवर अडकवा. तो दर फेरीला एका टोकावरून दुसऱ्या टोकावर सरकवायचा, विणायचा नाही.

पहिली फेरी विणून खुणेपाशी आलात की थांबा आणि पीळ पुन्हा तपासा. या क्षणी सापडला तर वाचता येतं: दोन टोकांच्या मधल्या एका दोऱ्यावरून काम फिरवून पीळ काढता येतो. दुसरी फेरी सुरू झाली की ती संधी गेली.

ज्यांना एवढं करूनही भीती वाटते त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे, आणि अगदी नवख्या मुलींना मी तोच सांगते. ९६ च टाके घाला. जोडू नका. पहिल्या ३ ओळी सपाटच, काम फिरवत, २ सुलट २ उलट अशा विणा. येतानाच्या ओळीतही २ सुलट २ उलटच येतं, कारण संख्या चाराच्या पाढ्यातली आहे. तीन ओळी झाल्या की अर्ध्या इंचाची पट्टी तयार होते आणि पट्टीतला पीळ लांबूनही दिसतो. तिसऱ्या ओळीच्या शेवटी काम फिरवायचं नाही, सरळ जोडून पुढे जायचं. खाली जी छोटी फट राहते ती सुरुवातीच्या शेपटीने दोन टाके घालून शिवता येते. तीन ओळी सपाट विणल्याने कुणी कमी विणकर ठरत नाही.

कडेची पट्टी

२ सुलट, २ उलट, फेरीमागून फेरी, अडीच इंच. सुलटवरून उलटवर जाताना लोकर दोन सुयांच्या मधून पुढे घ्यायची, उलटवरून सुलटवर येताना मधून मागे न्यायची. ती सुईवरून नेलीत तर एक जास्तीचा टाका जन्माला येतो आणि खाली भोक पडतं. म्हणून पहिल्या चार फेऱ्यांत प्रत्येक फेरीनंतर टाके मोजा. ९७ भरले तर अशीच कुठेतरी लोकर सुईवर चढली आहे. ती वेटोळी ओळखू येते, पुढच्या फेरीत विणण्याआधीच सुईवरून सोडून द्या. पुढे मोजायची गरज पडत नाही, कारण सुलटावर सुलट बसतंय का हे डोळा सांगतो.

कानावर दुमडून घालायची असेल तर पट्टी ४ इंच करा.

साधी वीण, आणि मध्ये उठावं लागलं तर

पट्टीनंतर फक्त सुलट. कडेपासून एकूण ६ इंच होईपर्यंत (दुमडायची असेल तर साडेसात) फेऱ्या घालत राहा. हा भाग एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही होतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, काम उलट्या दिशेने उचलणं. चहाला उठलात, परत आलात, सुई हातात घेतली आणि विणायला लागलात, तर कधीकधी आलात त्याच वाटेने परत चाललेले असता. तिथे भोक पडतं आणि एका बाजूला ओळी जास्त होतात. ओळखायची खूण एकच: गुंड्याकडे जाणारी लोकर नेहमी उजव्या हातातल्या टोकावरून लोंबत असली पाहिजे. डावीकडून लोंबत असेल तर सुई फिरवून धरा.  

दोन, टोपी आतून बाहेर विणली जाणं. आपलं काम चालतं ती कड आपल्या अंगाजवळ असायला हवी आणि टोपीची सुलट बाजू बाहेरून दिसायला हवी. काही जणी नकळत पलीकडच्या कडेवर विणतात. मग सुलट बाजू आत आणि उलट बाहेर दिसते. यात नुकसान काही नाही. टोपी सुईच्या गोलातून खालून वर ढकलून उलटवा आणि पुढे चला.

टाका गळाला तर घाबरून सुई टाकू नका. गळालेल्या टाक्यात लगेच पिन अडकवा म्हणजे तो आणखी खाली धावणार नाही. मग क्रोशाची सुई समोरून त्यात घाला आणि वरच्या आडव्या दोऱ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकेक करून त्यातून ओढून घ्या. गोल कामात समोर कायम सुलट बाजू असल्याने हे फार सोपं जातं.

रंगाचे पट्टे घालायचे असतील तर जोडावरची पायरी अशी घालवा: नवा रंग घेऊन पहिली फेरी नेहमीसारखी विणा. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला पहिल्या टाक्याच्या खालचा, जुन्या रंगाचा टाका त्याच्या उजव्या बाजूने उचलून डाव्या सुईवर घ्या आणि पहिल्या टाक्यासोबत एकत्र सुलट विणा. पायरी पूर्ण जात नाही, पण डोळ्यांना टोचत नाही.

शेंडा

सुरू करण्याआधी बोथट सुईत वेगळ्या रंगाचा दोरा ओवून सगळ्या ९६ टाक्यांतून नुसता फिरवून ठेवा. पुढे गोंधळ झाला तर या दोऱ्यापर्यंतच उसवावं लागेल. काम संपल्यावर तो ओढून काढायचा.

आता १२-१२ टाक्यांच्या आठ पाकळ्या धरा. पहिली फेरी: १० सुलट, २ एकत्र सुलट, असं आठ वेळा. राहिले ८८. पुढची फेरी साधी, काही कमी न करता. मग ९ सुलट, २ एकत्र, राहिले ८०. पुन्हा साधी फेरी. असं दर वेळी मधले टाके एकने कमी करत, एकाआड एक फेरीत, ४८ टाके उरेपर्यंत. शेवटची कमी करायची फेरी ५ सुलट, २ एकत्र अशी येते आणि तिच्यानंतर एक साधी. तिथून पुढे मधली साधी फेरी गाळा आणि प्रत्येक फेरीत कमी करा: ४०, ३२, २४, १६. शेवटच्या फेरीत नुसते २-२ एकत्र, राहिले ८.

८८ टाक्यांनी सुरुवात केली असेल तर पहिली फेरी ९ सुलट आणि २ एकत्र. १०४ असतील तर ११ सुलट आणि २ एकत्र.

साधारण ७२ टाक्यांपाशी गोल सुई कापड ताणायला लागते. ओढाताण करू नका. संचातली एक आखूड सुई घ्या आणि पुढची फेरी तिनेच विणायला लागा. १८ टाके तिच्यावर झाले की दुसरी, मग तिसरी, मग चौथी. गोल सुई आपोआप रिकामी होते. पाचवी सुई हातात, विणायची.

पहिल्या दिवशी हातात साळिंदर धरल्यासारखं वाटेल. एका वेळी दोनच सुया काम करत असतात, बाकीच्या नुसत्या टाके धरून बसलेल्या असतात, हे लक्षात आलं की हात शांत होतो. सुईवरून सुईवर जाताना मध्ये टाके सैल पडतात आणि तिथे उभी शिडीसारखी रेघ उमटते. पुष्कळ जणी पहिला टाका घट्ट ओढतात, तरी रेघ राहते. दुसरा टाका विणून झाल्यावर ओढा, तेव्हा पहिला खरा आवळला जातो. तरीही दिसली तर दर फेरीला पुढच्या सुईवरचे दोन टाके आधीच्या सुईवर विणून घ्या. सांधा सरकत राहतो आणि रेघ एका जागी जमत नाही.

आखूड सुया नकोच असतील तर ३२ किंवा ४० इंचांची एकच गोल सुई घेऊन टाके निम्मे-निम्मे करतात आणि मधून वायरचा मोठा फेरा बाहेर ओढून एका वेळी अर्धी फेरी विणतात. हल्लीच्या मुलींना हे जास्त आवडतं. मला आखूड सुयांची सवय आहे. टोपी दोन्हीकडून सारखीच होते.

शेवट

हातभर लोकर ठेवून कापा. बोथट सुईत ओवून उरलेल्या आठही टाक्यांतून फिरवा, एकदा नाही, दोनदा. मग ओढून भोक बंद करा. सुई शेंड्यातून आत घाला, टोपी उलटवा आणि दोरा आतल्या बाजूने टाक्यांच्या पाठीत तीन दिशांना फिरवून मग कापा. गाठ मारू नका. शेंड्यावरची गाठ टोचते, आणि शिवण टाळायला केलेल्या टोपीत गाठ ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीची शेपटी खाली कडेत अशीच जिरवा.

दादाला द्यायच्या आधी टोपी मी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, अंगठ्याने पूर्ण गोल चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हाई टोपीले शिवणच नही शे व माय!’ मग चष्मा लावून पुन्हा एकदा शोधलं.

आता धुणं. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण किंवा शांपू घालून टोपी दहा मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका. खरी लोकर चोळली आणि वर गरम पाणी लागलं, तर ती आटून घट्ट नमद्यासारखी होते आणि परत सैल होत नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा म्हणजे पाणी निघतं. अ‍ॅक्रेलिकला इस्त्री कधीच लावू नका, एकदा इस्त्री बसली की त्याचा फुगवटा आणि ताण कायमचा जातो. तारेवर टांगलीत तर ओली टोपी स्वतःच्या वजनाने लांबते. टोपीच्या मापाचं, म्हणजे साधारण १८-१९ इंच घेराचं पातेलं पालथं घाला, त्यावर टोपी बसवा, पट्टी हाताने सारखी करा आणि सावलीत ठेवा. आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत सकाळी ठेवलेली टोपी दुसऱ्या दिवसापर्यंत वाळते. आतून हात घालून शेंड्यापाशी ओल नाही ना, ते पाहून घ्या आणि मगच घडी करा.